जुना पळतो आणि नवा रांगतो, असं का?



मागच्या महिन्यात आमच्या केंद्रावर एक ताई आल्या. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. गावात त्या फॉर्म भरून देण्याचं आणि टायपिंगचं काम करतात. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, कुणाचा तलाठ्याकडचा अर्ज, कुणाची लग्नपत्रिका. बारा-तेरा वर्षं हे सगळं एका टेबलावरच्या जुन्या कंप्युटरवर चाललं होतं. अलीकडे तो सकाळी सुरू व्हायलाच चार-चार मिनिटं घेऊ लागला, म्हणून ताईंनी बचत गटातून तीस हजारांचं कर्ज काढून नवा लॅपटॉप घेतला. जुन्याला भंगारवाल्यानं आठशे रुपये भाव सांगितला.

नवा लॅपटॉप दिसायला देखणा, वजनाला हलका. पण आठवडाभरातच त्यानं ताईंना रडवायला सुरुवात केली. फॉर्मचं पान उघडलं की मधे ते गोल चक्र फिरत बसायचं. मराठीत टाइप करावं तर बोटं पुढे आणि अक्षरं मागून यायची. रांगेतली माणसं किती थांबणार? हळूहळू ती पलीकडच्या दुकानात जाऊ लागली. गटाचे दोन हप्ते थकले. बैठकीत ज्या बाईनं कधी एक हप्ता चुकवला नव्हता, तिला मान खाली घालून बसावं लागलं. आमच्याकडे येऊन ताई म्हणाल्या, "सुरू झाल्यावर माझा जुना पळत तरी होता. हा नवा रांगतोय. जुने कंप्युटर नव्यांपेक्षा फास्ट असतात का हो? तसं असेल तर आधी कुणी सांगितलं का नाही?"

आधी आम्ही हसलोच. नवी वस्तू जुनीपेक्षा हळू कशी असेल? मग लक्षात आलं की आपल्यालाही नक्की उत्तर देता येत नाहीये. आमच्या स्टुडिओतही एक जुना डबा आहे, इंटरनेटला न जोडलेला, फक्त रेकॉर्डिंग वाजवायला ठेवलेला. बटण दाबलं की आवाज लगेच येतो. आणि ऑफिसातला नवा कधीकधी बटण दाबल्यावर विचारात पडतो. म्हणून तालुक्याच्या कॉलेजात कंप्युटर शिकवणाऱ्या एका मॅडमना बोलावलं, दोन्ही यंत्रं समोर ठेवली आणि बसलो. आजच्या गप्पा त्या दोन दुपारींतून आल्या आहेत.

पहिली गोष्ट सरळ आहे. निव्वळ आकडेमोडीच्या ताकदीत जुनं यंत्र नव्यापुढे टिकत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात बनवलेला कंप्युटर रीतसर सुरू झाला. त्याची सगळी आठवण आजच्या हिशोबात दहा केबीच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटोसुद्धा त्यात मावला नसता. १९८३ सालचा 'अ‍ॅपल टू-ई' घ्या. त्याच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला साधारण दहा लाख. आजच्या साध्या प्रोसेसरचे दोनशे-तीनशे कोटी, आणि शिवाय एका ठोक्यात तो कितीतरी जास्त काम उरकतो.

पण ताईंचा प्रश्न आकडेमोडीचा नव्हता. त्यांचा प्रश्न होता, बटण दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत मी किती वेळ ताटकळते? हे कुणी मोजलंय का, तर हो. डॅन लू नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरनं २०१७ साली बरीच जुनी-नवी यंत्रं गोळा केली आणि वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण करून हाच वेळ मोजला. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्या १९८३ च्या अ‍ॅपल टू-ईला यातले तीस भाग लागले. पापणी लवायलासुद्धा निदान शंभर भाग लागतात. आणि २०१७ च्या यंत्रांतली काही शंभराच्या वर, एखादं तर दोनशेपर्यंत गेलं! सगळीच नवी यंत्रं मागे पडली असं नाही. झटपट ताजा होणारा महाग पडदा लावला तर नवं यंत्र पन्नासपर्यंत आलं. तरी तिसाच्या खाली ते आलं नाही.

हे ऐकून ताई म्हणाल्या, "बघा, मी म्हणत नव्हते!"

असं का होतं, ते मॅडमनी समजावलं. त्या जुन्या यंत्रात बटणापासून पडद्यापर्यंतचा रस्ता म्हणजे गावातली सरळ गल्ली. बटण दाबलं, अक्षर ओळखलं, पडद्यावर ठेवलं. मधे कुणी नाही. आज कीबोर्डमध्येच एक छोटा कंप्युटर असतो. तो ठरावीक वेळानं निरोप पाठवतो. तो निरोप विंडोज घेते, कुठल्या खिडकीत टाइप चाललंय ते बघते, त्या प्रोग्रामला देते. प्रोग्राम स्पेलिंग तपासतो, पुढचा शब्द सुचवतो. मग सगळ्या खिडक्यांचं मिळून एक चित्र तयार होतं आणि पडद्याची पाळी यायची वाट बघतं. साधा पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो, म्हणजे एकदा पाळी हुकली की हजारातले सोळा-सतरा भाग तिथेच गेले. सातबाऱ्याचा एक कागद सात टेबलांवरून फिरावा तसं. प्रत्येक टेबलावरचा माणूस चपळ आहे, पण टेबलं सात आहेत.

मात्र मैत्रिणींनो, त्या जुन्या यंत्राचं फार कौतुकही नको. त्यात आपली मराठी उमटली नसती. आपल्या 'क्ष' आणि 'त्र्य'ची गाठ बांधायची, वेलांटी अक्षराच्या आधी दाखवायची पण उच्चारायची नंतर, रफार डोक्यावर चढवायचा, हे काम इंग्रजीच्या सुट्या अक्षरांपेक्षा किचकट आहे. आज युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. आत्ता आम्ही जे बोलतोय ते सगळं टाइप करून ठेवलं, तर अ‍ॅपल टू-ईच्या चौसष्ट केबी आठवणीतली जवळजवळ अर्धी जागा एवढ्यानंच भरेल. ती मधली टेबलं सगळीच रिकामटेकडी नाहीत. त्यांच्यातली काही आपल्याच भाषेसाठी बसली आहेत.

आमच्यातल्या एक काकू नव्वदच्या दशकात डीटीपीच्या दुकानात कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "तेव्हाचा कंप्युटर फास्ट होता म्हणता? पत्रिकेवर गणपतीचं चित्र टाकलं की आम्ही चहा करायला जायचो. चहा पिऊन यायचो तरी गणपती अर्धाच!" आठवणीतला कंप्युटर नेहमी पळतो. त्याच्यापुढे ताटकळलेल्या दुपारी आपण विसरून गेलेलो असतो.

तरीही तक्रार खोटी नाही, आणि ती आजची नाही. निक्लाउस विर्थ हे स्वित्झर्लंडचे मोठे संगणकशास्त्रज्ञ, 'पास्कल' ही प्रोग्रामिंगची भाषा त्यांची. त्यांनी १९९५ सालीच लेख लिहून बजावलं होतं की यंत्रं ज्या वेगानं चपळ होतायत त्याहून जास्त वेगानं प्रोग्राम जड होतायत. त्याच वर्षी 'विंडोज ९५' आलं. त्याला कमीत कमी चार एमबी रॅम लागायची. २०२१ साली आलेल्या 'विंडोज ११'ला कमीत कमी चार जीबी लागते. एमबी आणि जीबीतला फरक हजारपट. घरात माणसं तेवढीच, पण भांडी हजारपट, तसं काहीसं. आमचं मत विचाराल तर यातली निम्मी भांडी कुणी मागितलेली नव्हती.

आता ताईंच्या लॅपटॉपकडे येऊ. मॅडमनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी उघडली. हे तुम्हीही घरी करून बघा, यानं काही बिघडत नाही. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यापुढे टक्के दिसतात. यंत्र रांगत असताना यातलं कोण शंभराला टेकलंय ते बघायचं.

हे तिघं कोण, ते स्वयंपाकघरातच कळेल. प्रोसेसर म्हणजे काम करणारे हात. रॅम, म्हणजे मेमरी, म्हणजे ओटा. डिस्क म्हणजे माळा. स्वयंपाक ओट्यावर होतो. माळ्यावर सगळं सामान असतं, पण तिथून काही काढायचं तर स्टूल आणा, चढा, शोधा, उतरा. ओटा ऐसपैस असेल तर लागणारं सगळं हाताशी राहतं. ओटा हातभरच असेल तर पीठ मळायचं म्हणून विळी माळ्यावर ठेवा, भाजी चिरायची म्हणून परात माळ्यावर ठेवा, असं चालतं. हात कितीही चपळ असोत, निम्मा दिवस स्टुलावर जातो.

ताईंच्या नव्या लॅपटॉपला ओटा होता चार जीबीचा, म्हणजे 'विंडोज ११'ला कमीत कमी जेवढा हवा तेवढाच. विंडोज बसली की ओट्याचा बराचसा भाग गेला. त्यात कंपनीनं आणि दुकानदारानं आधीच भरून दिलेले प्रोग्राम, महिनाभर फुकट मिळणारा अँटीव्हायरस, आपोआप सुरू होणारी कसली कसली कामं. फॉर्मचं पान उघडायच्या आधीच मेमरी नव्वद टक्क्यांवर. बरं, माळा तरी सोपा असावा? तर तिथे 'ईएमएमसी' नावाची साठवण निघाली. ती मेमरी कार्डाच्या जातीची असते, चांगल्या एसएसडीपेक्षा पुष्कळ हळू, आणि बोर्डालाच डाग देऊन बसवलेली, बदलता न येणारी. या लॅपटॉपची रॅमही तशीच चिकटवलेली. ओटाही वाढवता येणार नाही आणि माळाही बदलता येणार नाही, असं ते घर.

आणि हात? इथे आम्हांला खरं आश्चर्य वाटलं. जुन्या डब्यातला प्रोसेसर ६५ वॅटचा आणि नव्या लॅपटॉपमधला ६ वॅटचा. आपण मिक्सर घेताना वॅट बघतो की नाही? ५०० वॅटच्या नव्या मिक्सरनं इडलीचं पीठ दळताना जुन्या ७५० वॅटच्या मिक्सरची आठवण येते. प्रोसेसरचा हिशोब इतका सरळ नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं. नव्या प्रोसेसरला तेवढ्याच कामाला वीज खूप कमी लागते. पण दहापट कमी वीज खाणारा, स्वस्तातला, बॅटरी वाचवायला बनवलेला नवा प्रोसेसर हा दहा वर्षं जुन्या, पोटभर वीज खाणाऱ्या प्रोसेसरपेक्षा खरोखर हळू असू शकतो. आम्ही अर्ध्या तासाचं एक रेकॉर्डिंग दोन्हींवर एमपीथ्री करायला लावलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. जुना जिंकला!

शिवाय एक गोष्ट आहे. २००४ च्या सुमाराला प्रोसेसरच्या ठोक्यांचा वेग वाढवणं कंपन्यांना जड जाऊ लागलं, कारण चिप फार तापायला लागली. मग त्यांनी एका हाताऐवजी दोन, चार, आठ हात द्यायला सुरुवात केली. त्यांना 'कोअर' म्हणतात. पन्नास पोळ्या करायच्या तर चार बायका लागल्या की काम झटकन होतं. पण एका पातेल्यातलं दूध चौघींनी ढवळलं म्हणून चौपट लवकर आटत नाही. कंप्युटरचीही काही कामं पोळ्यांसारखी असतात, काही दुधासारखी. पाकिटावर 'आठ कोअर' लिहिलं म्हणजे सगळं आठपट झालं, असं नाही.

मग जुना डबा चार मिनिटं का घ्यायचा? तो म्हातारा झाला होता का? नाही. प्रोसेसर सहसा वयानं हळू होत नाही. पहिल्या दिवशी जेवढे ठोके, तेवढेच आजही. त्याच्यापुढचं काम वाढलं, आणि दोन गोष्टी अडल्या होत्या. मॅडमनी डबा उघडला तर पंख्यावर बोटभर धूळ. वारा लागेना की प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवायला स्वतःच हळू होतो. साध्या रंगाच्या ब्रशनं ती धूळ काढली. अर्थात वायर काढून, डबा बंद असताना.

दुसरी अडचण माळ्याची. जुन्या डब्यात फिरती हार्ड डिस्क होती. तिच्या आत तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते आणि एक बारीक हात तिच्यावरून इकडेतिकडे सरकतो, आजोबांच्या ग्रामोफोनसारखा. ऐकायला ७,२०० खूप वाटतात, पण ते सेकंदाला १२० झाले. हवी ती जागा हाताखाली यायची वाट बघायची, त्याआधी हात सरकायचा. सगळं धरून सेकंदाला शंभरएक वेळाच ती माळ्यावर जाऊन येते. सुरू होताना विंडोजला हजारो बारीकसारीक फाइली लागतात. म्हणून चार मिनिटं. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, सगळं विजेवर. ती त्याच एका सेकंदात हजारो वेळा जाऊन येते.

म्हणजे आमच्या त्या प्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत निघालं. ताईंच्या जुन्याचे हात चांगले होते, माळा वाईट होता. नव्याचं सगळंच बेताचं होतं, आणि त्यावर ओझं आजचं होतं.

मग आम्ही जुन्याला एसएसडी बसवली आणि रॅम चार जीबीची आठ केली. मजुरीसकट साडेचार हजार रुपये लागले, तेही गटानंच दिले. बैठकीत त्यावर बरीच वादावादी झाली. बुडत्या कर्जावर आणखी पैसे का, असं दोघीतिघींनी विचारलं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी आमच्या खजिनदार मावशी म्हणाल्या, "आधी सुरू करून दाखवा, मग पैसे." म्हणून मॅडमनी कॉलेजातली एक एसएसडी चार दिवसांसाठी लावून दाखवली. डबा पस्तीस सेकंदांत सुरू झाला. मावशींनी सही केली.

यात एक मेख होती, तीही सांगतो. जुन्या डब्यावर 'विंडोज ७' होतं. त्याची सुरक्षेची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० पासून बंद आहे. 'विंडोज १०'चीही नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आणि 'विंडोज ११' इतकं जुनं यंत्र चालवत नाही. दुरुस्ती नसलेल्या विंडोजवर लोकांचे आधार नंबर आणि बँकेचे पासबुक हाताळणं म्हणजे कडी नसलेल्या दारात दागिने ठेवणं. यंत्र फास्ट असलं तरी हे चालणार नाही, यावर मॅडम ठाम होत्या. म्हणून त्यावर लिनक्स टाकलं. ते फुकट मिळतं, त्याच्या दुरुस्त्या चालू असतात आणि मराठी टाइप करायला आपला नेहमीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. स्टुडिओतला आमचा डबा मात्र अजून 'विंडोज ७'वरच आहे. त्याला इंटरनेट नाही, म्हणून.

फोनवरूनही हाच प्रश्न बऱ्याच जणी विचारतात. "जुना मोबाइल कंपन्या मुद्दाम हळू करतात का?" प्रत्येक कंपनीचं आम्हांला सांगता येणार नाही. पण अ‍ॅपलनं डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग ती कमी करते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून असं करतो, हे तिचं म्हणणं. गिऱ्हाइकाला ते न सांगितल्याबद्दल फ्रान्सनं २०२० साली तिला अडीच कोटी युरो दंड केला. त्या फोनांवरचा उपाय साधा होता, बॅटरी बदलायची. कितीतरी जणींनी त्याऐवजी फोनच बदलला असेल. बाकी फोनांचं बहुतेक वेळा ओटा आणि माळ्याचंच दुखणं असतं. साठवण काठोकाठ भरलेली, आणि तीच ती अ‍ॅप वर्षागणिक जड होत गेलेली.

दुकानात जाल तेव्हा 'नवीन मॉडेल आहे' एवढ्यावर मान डोलावू नका. रॅम किती आणि पुढे वाढवता येईल का? साठवण एसएसडी आहे की ईएमएमसी? आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव नंबरासकट कागदावर लिहून द्या म्हणावं. ते नाव घेऊन घरी यायचं, कुणा जाणत्याला विचारायचं, मग पैसे द्यायचे. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या. आणि जुना डबा भंगारात घालण्याआधी एकदा ते तीन बटणांचं करून बघा.

ताईंचं पुढे काय झालं? फॉर्म आणि टायपिंग आता जुन्या डब्यावर चालतं. प्रिंटर लिनक्सला ओळख द्यायला तयार नव्हता, त्यात दोन दिवस गेले. अंगठा घ्यायचं यंत्र तर शेवटपर्यंत लिनक्सवर चाललंच नाही, म्हणून त्यासाठी नवा लॅपटॉप बाजूला ठेवलाय. त्यातले आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद केलेत, अंगठ्यापुरता तो बरा चालतो. तो विकून पैसे मोकळे करावेत असं ताईंच्या मनात होतं, पण दोन महिने वापरलेल्याला अर्धीच किंमत सांगतात. रांग थोडी परत आली आहे, सगळी नाही. थकलेल्या दोन हप्त्यांपैकी एक या महिन्यात भरला, दुसरा दिवाळीपर्यंत देते म्हणाल्यात.